मास्तरांचा नंबर

आमच्या घरातल्या सगळ्या रांगा माझ्या. गॅसची टाकी असो, बँकेचं काम असो, लातूरला प्यायला पाणी नव्हतं त्या उन्हाळ्यात टँकरपुढं घागरी लावायच्या असोत, उभी राहणार कुसुम. मास्तर घरी. मास्तर म्हणजे आमचे मालक, मार्तंडराव. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभा जन्म गेला, रिटायर झाले तरी गल्लीत मास्तरच. एसटीच्या खिडकीपुढं चार माणसं दिसली की हा माणूस आल्या पावली मागं फिरायचा. मग मी तिकीट काढायचं आणि त्यांना हाका मारत स्टँडभर हिंडायचं.

आमच्या मेसमधली पोरं चिडवायची, "काकू, काका व्हीआयपी हायेत का ओ?" मी म्हणायची, "हाव, दिल्लीवरून फोन येतात त्यांना. गप जेवा." पोरं हसायची, मास्तरही ताटं वाढता वाढता हसायचे. मला मात्र हसू यायचं नाही, कारण मला कारण ठाऊक होतं. त्यांनी कधी सांगितलं नाही. सासूबाईंनी सांगितलं, तेही एकदाच.

आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला तेव्हा मास्तर शाळेच्या कामाला लातूरला मुक्कामी होते. सकाळी एका ट्रकमधून गावात पोचले तर गाव जागेवर नव्हतं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवदाच्या मातीचा भार, सगळं खाली बसलेलं. मास्तरांची बायको जागच्या जागी गेली होती. ती सिंधु, माझी थोरली सख्खी बहीण. त्यांचा मुकुल मात्र जिवंत निघाला. चार वर्षांचं लेकरू. पायाला लागलं होतं, पोट फुगलं होतं, पण पाणी मागत होतं.

शेजारच्या गावात शाळेच्या मैदानावर डॉक्टरांचा तंबू लागला होता. मास्तर पोराला खांद्यावर टाकून तिथं गेले. तंबूपुढं ही गर्दी, माणसं एकमेकांच्या अंगावर चढून राहिलेली. मास्तरांनी सवयीनं आवाज दिला, "रांग करा, एकामागं एक. सगळ्यांचा नंबर येईल." लोकांनी ऐकलं, अर्धे त्यांच्याच हाताखाली शिकलेले होते. आता रांग लावणारा माणूस स्वतः पुढं कसा घुसणार? ते जाऊन सगळ्यांच्या मागं उभे राहिले. नंबर यायच्या आत मुकुल गेला. मास्तरांना कळलंसुद्धा नाही. मागची बाई म्हणाली, "गुरुजी, लेकराची मान बघा."

एवढं सांगून सासूबाई उठून गेल्या होत्या. मीही पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या वर्षी मला त्यांच्या घरात दिलं. मी तेव्हा नांदेडला डी.एड. करून राहिले होते. आमचे वडील नायगावला कचेरीत कारकून. माणूस चांगला आहे, सिंधुचं घर पुन्हा मांडलं जाईल, असं चार मोठ्या माणसांनी बसून ठरवलं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. लग्न झालं ते पत्र्याच्या शेडमध्ये, वाजंत्री नाही, काही नाही. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, "कुसुम, तुला काही कमी पडू देणार नाही. फक्त मला रांगेत उभं राहायला लावू नको."

मी म्हटलं, "बरं."

त्यांनी शब्द पाळला. कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. देविका झाली तेव्हा बाळंतपणात माझे पाय चेपले. लातूरला बदली झाली, कोचिंगवाल्यांचं पेव फुटलं, गल्लीगल्लीत होस्टेलं उभी राहिली, तसं मी मेस काढली. मास्तर शाळेतून आले की लसूण सोलायला बसायचे. लई चांगला माणूस. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान पोटभर भांडता तरी आलं असतं.

पण दरवर्षी तीस सप्टेंबर, भूकंपाची तारीख, आली की हा माणूस सकाळी स्कूटर काढायचा आणि जुन्या गावठाणावर जायचा. दिवसभर त्या दगडांत बसायचा. मला एकदाही चल म्हणाले नाहीत. अहो, माझी बहीण होती ती. मला रडायचं नसेल का? ते परत आले की मी मुकाट्यानं भाकरी वाढायची. मनात मात्र एकच टोचायचं, की हा माणूस माझ्याबरोबर राहतो, पण राहायचं म्हणून राहतो का उरला म्हणून राहतो? इतक्या वर्षांत हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मग तो मेला कोरोना आला. पोरं आपापल्या गावी गेली, कोचिंगांना कुलपं लागली, माझी मोठी पातेली पालथी पडली. पहिलं वर्ष कसंतरी काढलं. दुसऱ्या उन्हाळ्यात तर रोज कुणाची ना कुणाची बातमी. आमच्या मेसमध्ये जेवून डॉक्टर झालेली लुंबिनी लातूरच्या मोठ्या दवाखान्यात कोविड वॉर्डात होती. भोकरकडची पोर. तिचे वडील रामकिशनभाऊ तिला पहिल्यांदा सोडायला आले तेव्हा म्हणाले होते, "बाई, माझी लेक लाजती, दुसरी भाकर मागत न्हाई." तर मास्तर न विचारताच तिच्या ताटात दुसरी टाकायचे. ती फोनवर ओरडायची, "काकू, सरांना लस द्या. साठच्या पुढच्यांना कवाच सुरू झाली. इथं मी काय बघून राहिले ते तुम्हाला सांगता येत नाही."

मास्तर म्हणायचे, "घेऊ की." आणि पेपर उघडायचे.

एप्रिल लागला तसा माझ्या वयाच्या लोकांचाही नंबर लागला. मी पहाटे जाऊन शाळेच्या फाटकापुढं माझी पिशवी ठेवली. आमच्याकडं हीच रीत. माणूस आला नाही तरी त्याचा दगड, चप्पल, पिशवी रांगेत असते आणि तिला सगळे मानतात. दुपारी लस घेऊन आले. दंड ठणकत होता, पण जिवाला बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मी मास्तरांसाठी पिशवी ठेवली.

त्यांना सांगितलं, "तुम्ही उभं राहूच नका. मी उभी राहते. अगदी दाराशी आले की फोन करते. यायचं, बाही वर करायची, बसायचं अर्धा तास, घरी यायचं."

त्यांनी मान डोलावली. मी उन्हात उभी राहिले, पुढं सरकत सरकत पायरीशी पोचले आणि फोन केला. मास्तर आले. धुतलेला सदरा घातला होता. फाटकातून आत आले आणि रांगेकडं बघितलं. मैदान, शाळेची इमारत, उन्हात उभी माणसं, कुणाच्या कडेवर रडणारं लेकरू. मी हाक मारली, "या, इकडं या." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि वळून चालू लागले. मी पायरीवरून ओरडले. सगळी रांग बघत होती. माझ्या मागचा माणूस म्हणाला, "बाई, घ्यायची नसंल तर सरका." सरकले.

घरी आले ती तडतडतच. एवढ्या वर्षांचं साचलेलं सगळं त्या दुपारी बाहेर पडलं.

"सिंधु असती तर घेतली असती ना? तिच्यासाठी घेतली असती." मी म्हणाले. "मुकुल असता तर घेतली असती. ते गेले म्हणून तुम्हालाही जायचंय. मग मला कशाला आणलं या घरात? भाकऱ्या थापायला? माझ्यासाठी जगावं असं एक दिवस तरी वाटलं का तुम्हाला?"

मास्तर पलंगाच्या कडेला बसून होते. म्हणाले, "कुसुम, तसं नाही."

"मग कसं?"

बोलतील म्हणून मी थांबले, मग स्वैपाकघरात गेले. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. म्हणजे मी बंद केलं. ताट वाढायची, पण तोंडानं जेवा म्हणायची नाही. देविका पुण्याहून फोन करून दोघांनाही समजवायची आणि दोघांनाही ओरडायची.

दोन दिवसांनी मास्तर सकाळीच टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन स्कूटरवर निघाले. "किशनरावकडं जातो," म्हणाले. किशनराव त्यांचे जुने दोस्त, कोचिंगच्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान. दुकान बंदच असायचं, पण मागं त्यांचं घर होतं. मी हूं का चूं केलं नाही. मग रोजच जायला लागले. दुपार टळल्यावर यायचे, तोंड उन्हानं काळं पडलेलं, आल्या आल्या तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचे. कधी माझ्याकडं बघून काही सांगायला आल्यासारखं करायचे, पण मी पाठ फिरवायची. मी म्हणायची, असू दे, दोस्ताशी बोलता येतं, बायकोशी येत नाही.

महिनाअखेरीला त्यांना ताप आला. दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी धाप लागली. मग माझं बोलणं कुठलं बंद राहतंय. रिक्षावाल्याच्या हातापाया पडले, लुंबिनीला फोन केला. खाटा नव्हत्या. तिनं कुठून कशी केली देव जाणे, पण खाट केली. दवाखान्याच्या दारातून त्यांना आत नेलं आणि मला बाहेर थांबवलं. जाताना त्यांनी हात वर केला. मी म्हटलं, "घाबरू नका, मी इथंच हाय." तेवढंच बोलणं झालं.

दिवसभर मी दवाखान्याबाहेरच्या कडुलिंबाखाली बसून असायची. संध्याकाळी लुंबिनी तिच्या फोनवरून त्यांचं तोंड दाखवायची. नाकातोंडावर मास्क, डोळे तेवढे दिसायचे. एकदा त्यांनी मास्क बाजूला सारला. लुंबिनी नको नको म्हणत होती, पण त्यांनी सारलाच.

"कुसुम," ते म्हणाले, "मी उभा राहिलो होतो गं. रांगेत. रोज उभा राहिलो."

मला वाटलं, ताप डोक्यात गेला. पोर गेलं त्या दिवसात जाऊन पोचलेत. जन्मात पहिल्यांदा त्यांनी त्या रांगेचं नाव माझ्यापाशी काढलं होतं.

मी म्हणाले, "हाव, उभे होता तुम्ही. तुमची काही चूक नव्हती. मुकुलला जायचंच होतं. आता सोडा ते."

त्यांनी मान हलवली. नाही, नाही, अशी. काही बोलायला गेले तर खोकला आला, मग लुंबिनीनं मास्क लावला आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला. ती नुसती रडत होती. मी तिला म्हटलं, "रडू नको बाळा, तू लई केलंस." मलाच तिची समजूत घालावी लागली.

त्यांना घरी आणता आलं नाही. दहनाला गाड्यांची रांग होती, तिथंही मीच उभी राहिले. देविका पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

दहाव्यानंतर किशनरावांचा फोन आला. बिचारे स्वतः आजारातून उठले होते. म्हणाले, "वहिनी, शेवटची भेटसुद्धा झाली नाही हो. मार्चपासून मास्तरांचं तोंड बघितलं नाही मी."

मी म्हटलं, "असं कसं? रोज तुमच्याकडं येत होते ना?"

"माझ्याकडं? नाही वहिनी. माझ्या घरात तेव्हा सगळे पॉझिटिव्ह, कोण येणार?"

मी फोन ठेवला. मग कुठं जात होता हा माणूस? रोज उन्हात रापून यायचा तो कुठून? फार विचार करावा लागला नाही. जुन्या गावठाणावर. दुसरं कुठं जाणार? मी तोंडावर एवढं बोलले, माझ्यासाठी जगा म्हणाले, आणि हा माणूस रोज स्कूटर घेऊन तिच्याकडं जाऊन बसला. मला उत्तर मिळालं होतं. सख्ख्या मेलेल्या बहिणीचा असा राग येतो हे मला माहीत नव्हतं. तिच्या फोटोचा हार मी काढून ठेवला. देविकानं विचारलं तर सांगितलं, धूळ बसली होती.

जुलैत दुसऱ्या डोसची वेळ आली, टळूनही गेली. मला जायचं नव्हतं. कशाला घ्यायचा आणि कुणासाठी? पण देविका ऐकेना. रोज फोन, रोज रडणं. शेवटी एका सकाळी गेले, त्याच शाळेत. पाऊस पडून गेला होता, मैदानात चिखल. रांगेत माझ्या पुढं एक म्हातारी होती, नऊवारी लुगडं, काटक, हातात प्लास्टिकची पिशवी. होस्टेलवर भांडी घासायची, आता होस्टेल बंद म्हणून घरी, असं तिनं आपणहून सांगितलं. नाव नागुबाई. मी हूं हूं करत होते.

मग ती फाटकाकडं बघत म्हणाली, "पैल्या डोसाला इथं एक मास्तर यायचे. लई देवमाणूस. आता कुठं दिसंनात."

"कोण मास्तर?"

"नाव न्हाई इचारलं. टोपी घालायचे, पान्याची बाटली हातात. इथं नुसती ढकलाढकली व्हायची बघा, तर ते सगळ्यायला लाइनीत लावायचे. पोलीसाचं कुनी ऐकत न्हवतं, त्यांचं ऐकायचे. पर सोताचे हात असे लटलट कापायचे. मी म्हनलं, बरं वाटंना का मास्तर? तर म्हनले, मला लाइनीचं भ्याव वाटतं. मी हसले. म्हनलं, भ्याव वाटतं तर येता कशाला?"

मी तिचा दंड धरला होता. कधी धरला ते कळलं नाही.

"काय म्हणाले?"

"म्हनले, घरी मालकीन रुसल्यात. बोलंनात. लस घेऊनच त्यांच्याम्होरं जाऊन उभं ऱ्हायचं हाय." नागुबाई हसली. "पर त्या मानसाला घेता येतीय व्हय. कुनी म्हातारं दिसलं, कुनी पोटुशी दिसली, का घाला आपल्याम्होरं. रोज दाराशी जायचे आन् रोज आतून म्हनायचे, संपली, उद्या या. चार दिस हेलपाटे घातल्यावर मलाबी त्यांनीच म्होरं घातलं. माज्या मागं दोघायला भेटली, मग संपली. ते तिसरे होते. म्हनले, जाऊ द्या आजी, उद्या हाय की."

मी तिथंच चिखलात बसले. नागुबाई घाबरली, "काय झालं ओ बाई, पानी देऊ का?"

मी म्हणाले, "ते माझे मालक. गेले ते मे महिन्यात."

ती माझ्याजवळ उकिडवी बसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग रांग सरकली तशी म्हणाली, "उठा. माज्याम्होरं व्हा तुमी."

"नको," मी म्हणाले. "तुमचा नंबर तुम्ही घ्या."

फोनवर ते मला हेच सांगत होते. मान हलवून नाही नाही म्हणत होते ते यासाठी. मी काय बोलले? मुकुलचं सोडा म्हणाले. मरणाऱ्या माणसानं मला उत्तर दिलं आणि मी ते त्या लेकराच्या नावावर टाकून मोकळी झाले.

आत गेले, खुर्चीवर बसले. सिस्टरनं विचारलं, "एकट्याच आलात का?" मी हाव म्हटलं. सुई टोचली. अर्धा तास बसा म्हणाली, बसले. मास्कच्या आत तोंड ओलं झालं होतं आणि मला राग येत होता, असा राग मला जन्मात आला नव्हता. अहो मास्तर, सांगायचं नाही का? एक शब्द बोलला असता, कुसुम, मी रोज जातोय, तर मी तुमच्या मागं येऊन उभी राहिले असते. कुणाला पुढं घालू दिलं नसतं. भांडले असते सगळ्यांशी, मला येतं भांडता. एवढ्या वर्षांत एकदा हा माणूस माझ्यासाठी रांगेत उभा राहिला, आणि ते मला एका परक्या बाईकडून कळलं.